वर सरकणारी खिडकी

पितळी मूठ माझ्या हातात आली आणि खिडकी होती तिथेच राहिली. जर्मनीत बारा वर्षं काढल्यावर सकाळी लुफ्टेन करायची, म्हणजे खिडकी आत ओढून खोलीत हवा खेळवायची, सवय अंगवळणी पडते. पण हॅनोव्हरजवळचं हे दोनशे वर्षांचं टुमदार घर इंग्लिश धाटणीचं. इथल्या खिडक्या वर सरकतात.

माझी भाची कादंबरी तीन वर्षं याच घराच्या बांधणीवर पीएचडी करते आहे. हात धुतल्याशिवाय ती इथल्या भिंतीलाही शिवत नाही. दहा मिनिटांत वारसा-खात्याच्या बाई पाहणीला येणार होत्या, आणि घराला धक्का लागलेला दिसला तर तिचं काम बंद होणार होतं.

"फेविक्विक आहे माझ्याकडे," मी कुजबुजलो.

"मामा, मूठ इकडे द्या."

तिने फोटो काढला, काय मोडलं, कसं आणि किती वाजता ते लिहिलं, आणि बाई आल्या आल्या कागद नि मूठ त्यांच्यापुढे ठेवली. बाई वाचत राहिल्या. नोंद चोख निघाली असावी, कारण "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत त्यांनी काम चालू ठेवायला सही दिली आणि खाली एक अट लिहिली.

"काय गं अट?" मी विचारलं.

"तुम्ही बागेत बसायचं."