बर्फ पडला तेव्हा भिवा वर होता

भिवाच्या आईला मारण्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो. कागदावरच मारली, पण मारली.

आम्ही दोघे दुबईच्या पुढे रास अल खैमाला, जबल जैस डोंगराच्या घाटरस्त्याच्या कामावर. भिवा माणगावकडचा. दरड आली की दगड उचलायचे, कठडे रंगवायचे, हे त्याचं काम. मी जहूर, म्हसळ्याचा, कंपनीचा पिकअप चालवतो. बारावीपर्यंत शिकलोय, म्हणून कॅम्पात कुणाला इंग्रजीत अर्ज हवा असला की तो माझ्याच खाटेपाशी येऊन बसतो. आमच्याकडे सुट्टी दोन वर्षांनी. मध्येच हवी असेल तर घरात कुणीतरी मरावं लागतं, तेही सख्खं. त्यामुळे कॅम्पात माणसं भराभर मरतात. मी स्वतः निदान आठ जणांचे बाप मारलेत.

भिवाच्या बहिणीचं, संजनाचं लग्न ठरलं तेव्हा त्याला इथे जेमतेम दहा महिने झाले होते. बाप आधीच गेलेला, फॉर्मवर तसं लिहिलेलंही होतं. उरली आई. मी म्हटलं, मग तिलाच मारू. त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने सही केली. आमचा सुपरवायझर रामेश्वर, जालन्याचा, आपलाच माणूस. त्याने भिवाला जवळ घेतलं, ऑफिसात शब्द टाकला, तिथे अडकलेला पासपोर्ट काढून दिला. मृत्यूचा दाखला मागाहून आण म्हणाला, आणि पुढे त्याने तो कधी मागितलाच नाही.

गावी पोचल्यावर भिवाने आईला खरं काय ते सांगितलं. ठकुबाई हसून हसून बेजार झाली म्हणे. मेले तर मेले, पोरीच्या लग्नाला भाऊ उभा राहिला ना, एवढंच म्हणाली.

आणि वर्षभराने तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, ते सगळं भिवाच्या इथल्या नोकरीवर. म्हणजे बघा काय पेच! आईला बघायला जावं तर हक्काची सुट्टी त्या लग्नाच्या सुट्टीपासून दोन वर्षांनी, आणि मधल्या सुट्टीसाठी आई मेलेली. खरं बोलावं तर नोकरी जाते, आणि नोकरी गेली की मशीन बंद. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचा बाप दोनदा मेला, तो सापडला. आठवड्यात त्याला विमानात बसवला, वर परत यायला बंदी. ते भिवाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या फेब्रुवारीत संजनाचा फोन आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आता दोन-तीन दिवस फार तर. भिवा सकाळी माझ्या शेजारी गाडीत बसला आणि म्हणाला, "जहूरभाय, आज सांगून टाकतो. जाऊ दे नोकरी. तिचं तोंड तरी बघीन."

मी म्हटलं, खाली आल्यावर सांग, ऑफिसात मी बरोबर येतो. तेव्हाच का थांबवलं त्याला, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, अल्ला जाणे. वर डोंगरावर रामेश्वर होताच की, त्यालाच सांगता आलं असतं.

दुपारी माथ्यावर वारा सुटला. आधी टपटप गारा, मग एकदम आवाज थांबला आणि बर्फ पडायला लागला. वाळवंटात बर्फ! खवलेलं खोबरं कुणी मुठी मुठीने फेकावं तसा. आमची पोरं कामधाम सोडून नाचायला लागली, फोटो काय, व्हिडिओ काय. एक अजीज तेवढा हसत उभा, तो पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण, म्हणाला, हे असलं आमच्याकडे कोंबड्यासुद्धा बघत नाहीत. मी पन्नाशीचा माणूस, पण खोटं कशाला बोलू, मीही जीभ बाहेर काढून चाखला.

तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला, खलास, पोलिसांनी रस्ता बंद केला. वरचा माणूस वर, खालचा खाली. उद्यापर्यंत कुणी हलायचं नाही. भिवा कठड्याला धरून खालची वळणं बघत राहिला. त्या वळणांच्या तळाशी ऑफिस, ऑफिसात त्याचा पासपोर्ट. त्याच्या टोपीवर बर्फ साचला तरी त्याने झटकला नाही. मी हाताला धरून त्याला माथ्यावरच्या आमच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये आणला.

तिथेच संजनाचा व्हिडिओ कॉल आला. आई शुद्धीवर आलीय, बोलायचं म्हणतेय. भिवाने फोन खिडकीकडे धरला. ठकुबाईने विचारलं, ते पांढरं काय पडतंय रं? तो म्हणाला, बर्फ. मग तिने, तू कधी येतोस, विचारलं, आणि भिवाच्या तोंडून गेलं, "येतो गं आई."

रामेश्वर दारात उभा होता, बूट झटकत. कॅबिनमध्ये मराठी कळणारे आम्ही तिघेच.

"आई?" तो म्हणाला. "कोण आहे रे फोनवर?"

सकाळी नोकरीवर पाणी सोडायला निघालेला हाच भिवा. समोर माणूस उभा, सांगायचं तेवढंच बाकी. मी मनात म्हणत होतो, बोल लेका, बोल. पण दीड वर्षाची भीती ती, तिने त्याच्या आधी तोंड उघडलं.

"मावशी," भिवा म्हणाला. "मावशी आहे माझी. आजारी आहे."

फोन चालूच होता. ठकुबाईने सगळं ऐकलं. रामेश्वर भला माणूस, त्याने वाकून नमस्कार केला, कशी आहे तब्येत मावशी, म्हणून विचारलं. तिने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला.

"व्हय दादा, मी मावशीच त्याची," ती म्हणाली. "आई त्याची लवकर गेली. लय जीव होता तिचा ह्याच्यावर. तुम्ही सांभाळा पोराला, थंडी लय दिसते तिथं."

पुढे खोकला आला आणि संजनाने फोन ठेवला. भिवा भिंतीकडे तोंड करून बसला. मी कानात सांगितलं, अजून सांग, अजून वेळ गेलेली नाही. तो नाही नाही म्हणून मान हलवत राहिला. आईने मरता मरता स्वतःच्या तोंडाने स्वतःला मारलं होतं, आता तिला खोटं कुठल्या तोंडाने पाडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फावड्यांनी रस्ता मोकळा करत होतो. रस्ता उघडायला दोन तास होते तेव्हा संजनाचा फोन आला. भिवा ऐकता ऐकता बर्फातच खाली बसला. रामेश्वर धावत आला, काय झालं विचारलं.

"मावशी गेली," भिवा म्हणाला.

रामेश्वरने त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. मावशीसाठी सुट्टी बसत नाही रे, म्हणाला, पण अर्धा तास गाडीत जाऊन बस.