डॉक्टरपासून लपवलेला नातू

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत आशाबाईंना विचारल्याशिवाय पान हलत नाही. मूळच्या हिवरखेडच्या, आवाज अजून शेताच्या बांधावरचा. कोणी आजारी पडलं की सोबत जातात आणि दवाखान्यात रोग्याच्या वतीने बोलतात. आपल्याला कुठे दुखतं, हे त्यांच्या यजमानांना, वामनरावांना, बाईंच्या तोंडूनच कळतं.

एवढ्या बोलक्या बाईचा नियम मात्र कडक: दवाखान्यासारख्या दुखण्याच्या जागी लेकराचं नाव काढायचं नाही, काढलं की काम हुकतं. सून अपेक्षा हिला मूल व्हावं म्हणून त्यांनी गावोगावच्या देवींना साकडं घातलं, लग्नाकार्यात बायकांकडून तिची ओटी भरून घेतली. भाजीवालीलाही सगळं ठाऊक. डॉक्टरांपुढे मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची.

अपेक्षाला मधुमेह, वजन वाढलेलं, पाळीचा ठिकाणा नाही. डॉक्टरबाईंनी आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. त्याने साखर उतरते, वजनही. लिहिण्याआधी त्यांनी अपेक्षाला विचारलं, "एवढ्यात मूल हवंय का?"

"छे, छे, एवढ्यात नाही," आशाबाई म्हणाल्या. मीही सोबत गेले होते, शेजारीच बसले होते. अपेक्षाने उघडलेलं तोंड मिटलं.

"मग हे सुरू असेपर्यंत गर्भ राहू देऊ नका. विचार बदलला तर निदान दोन महिने आधी सांगा, औषध बदलून देईन."

आशाबाईंनी मोठ्या समजूतदारपणाने मान डोलावली आणि घरी आल्याबरोबर सगळं विसरल्या.

अपेक्षाचं वजन उतरलं, पाळी नीट झाली आणि मग चुकली. आशाबाईंच्या मते सगळं श्रेय ओटीतल्या नारळांचं. इंजेक्शन सुरूच, कारण बंद करायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

"डॉक्टरले सांगितलं का?" मी विचारलं.

"काहून? तिथं का बारसं हाय?"

मला असा संताप आला की चहा तसाच टाकून उठले. आत जाऊन अपेक्षाला म्हटलं, चल. ती तयारच होती. आशाबाईही निघाल्या, त्यांच्याशिवाय बोलणार कोण!

यावेळी मात्र अपेक्षाच बोलली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "इंजेक्शन आजपासून बंद. पण साखर मोकाट सोडायची नाही, तीही बाळाला वाईट. इन्सुलिन सुरू करू."

"बाळ बरं राहील ना?" अपेक्षाने विचारलं.

"बहुतेक राहील. पण या औषधाचा गर्भावर काय परिणाम होतो, याची पुरती माहिती अजून कुणाकडेच नाही. खोटा दिलासा देणार नाही. सोनोग्राफीत बघत राहू."

बाहेरच्या बाकावर आशाबाई पदर चोळत बसल्या. मग रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मले कोणी सांगितलंच नाही व माय."

"इचारलं होतं, आई," अपेक्षा म्हणाली. "मलेच इचारलं होतं. जवाब तुमी देल्ला."