गाडीची थरथर

आमच्या ह्यांनी पिकअप उंच करून घेतली तेव्हा मी चांगलीच भडकले होते. वाडीच्या गोदामातून माल भरायचा आणि खाप्याकडच्या खेड्यांत न्यायचा, तिकडे गाडीचं पोट रस्त्याला घासतं, हे कारण मला पटत होतं. पण उंची इतकी की साडी नेसून चढायची सोय नाही! "आता स्टूल घेऊन फिरू काय मी?" असं भर रस्त्यात विचारलं. हे नुसते हसले.

त्यानंतर गाडी थरथरायला लागली. जरा वेग घेतला की बुडाखालून घरघर, सीट हलायची, समोर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी नाचायचं. घरी आल्यावर ह्यांच्या हातून चहा बशीत सांडायचा. "गाडीनं हात बधिर होऊन राहिले वं," हे म्हणायचे. मी लगेच मान डोलवायची आणि गाडी उंच करणाऱ्याचा यथेच्छ उद्धार करायची.

त्याला कारण होतं. माझ्या सासऱ्यांना कंपवात होता. तेही ड्रायव्हरच. तंबाखू कधीचीच सुटली होती, तरी त्यांचा अंगठा बोटांवर फिरत राहायचा, तंबाखू मळल्यासारखा. एक दिवस त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि पुन्हा स्टिअरिंगला शिवले नाहीत. ह्यांना त्याचीच धास्ती. त्या दुखण्याचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो. थरथर गाडीचीच असू दे, एवढंच मी देवाजवळ मागायची.

शेवटी वाडीतच दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "वाकडं बसवलं ना भाऊ हे!" इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जो फिरता दांडा जातो, तो शाफ्ट. गाडी उंच करताना मागच्या आसाचं तोंड खाली झुकलं होतं, त्यामुळे शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नव्हते आणि तो झटके देत फिरत होता. स्प्रिंगचे पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी फाचरी, म्हणजे उतरत्या पाचरी, घातल्या की कोन जुळेल, असं तो म्हणाला. मला कोण आनंद झाला! दोष गाडीतच होता म्हणायचा.

कोन मोजायला ह्यांनी मोबाईलवर कोन दाखवणारं ॲप लावून तो शाफ्टला टेकवून धरला. गाडी उंच असल्यामुळे मलाही वाकून खाली जाता आलं, तेवढा एक फायदा.

"अवो, नीट धरा ना! आकडा नाचून राहिला."

"बाजूनं ट्रक जाऊन राहिले, जमीन हलते."

"द्या इकडे. एक काम धड येत नाही तुम्हाले!"

मी मोबाईल हिसकावून घेतला. माझ्या हातात आकडा जागच्या जागी थांबला. ट्रक तर जातच होते. मी मुद्दामच ह्यांच्याकडे पाहिलं नाही.

फाचरी बसल्या, बोल्ट आवळले, आणि आम्ही दोघं कोराडी रोडला गाडी पळवून पाहायला निघालो. ह्यांनी वेग वाढवला. घरघर नाही. सीट गप्प. बाटलीतलं पाणी हलेना. "वा! बघा, होती ना गाडीचीच खोड!" मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

ह्यांचा डावा हात मांडीवर होता. रस्ता गुळगुळीत, गाडी अगदी शांत, आणि त्यांचा अंगठा बोटांवर फिरत होता.

ह्यांनी गाडी हळूच कडेला घेतली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मिस्त्रीले फाचरी काढून टाकाले सांगू काय वं?"

मी त्यांचा हात ओढून घेतला आणि घट्ट धरून बसले. अंगठा माझ्या मुठीतही मळतच होता.