दोघींची एकच डोकेदुखी

नवरा गेल्यापासून काकूंना घर खायला उठायचं. दोन खोल्या, शिवणयंत्र आणि लोकांचे कपडे. यंत्राची खडखड सोडली तर बोलायला कुणी नाही. थंडी पडली तशा त्यांनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली जुना टॉवेल सरकवला आणि कोळशाची शेगडी पायाशी घेतली.

तेव्हापासून डोकं ठणकू लागलं. मळमळायचं, सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. भाजीला बाहेर पडलं की बरं वाटायचं. परत यंत्रावर बसलं की पुन्हा तेच. माणसांत गेलं की बरं वाटतं, म्हणजे हे एकटेपणाचंच दुखणं, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यावर डॉक्टर काय करणार? त्या गेल्याच नाहीत.

एका दुपारी नणंद कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आली. दोघींचं फारसं पटत नसे, पण काम होईपर्यंत ती बसून राहिली. इकडचंतिकडचं बोलता बोलता कपाळ चोळू लागली.

"वहिनी, डोकं भणभणतंय हो माझं. मघाशी तर चांगली होते."

"माझं रोजचंच आहे," काकू म्हणाल्या.

नणंदेचा हात कपाळावरच थांबला. तिने शेगडीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"उठा. आधी बाहेर चला!"

"अहो वन्सं, एवढी एक शिवण..."

"खड्ड्यात गेली शिवण!"

काकूंचे पाय लटपटत होते. नणंदेने त्यांना जवळजवळ ओढतच जिन्यात आणलं.

"आमच्या इमारतीचा रखवालदार असाच शेगडी घेऊन, दार लावून झोपला होता," ती धापा टाकत म्हणाली. "धूर नाही, वास नाही, पण कोळशाचा विषारी वायू कोंडला. उठलाच नाही बिचारा."

दवाखान्यात काकूंना बराच वेळ ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी बजावलं, "घरात कोळसा पेटवायचाच नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी नाही."

शेगडी गेली, नणंदेने विजेचा हीटर आणून दिला. डोकं दुखायचं थांबलं. काकूंना वाटलं होतं, त्याबरोबर बाकीचंही जाईल. पण संध्याकाळी यंत्र थांबलं की घर तसंच गप्प.

नणंद आता रोज फोन करते.

"डोकं?"

"नाही दुखत."

"बरं."

काल मात्र काकू घाईघाईने म्हणाल्या, "लगेच ठेवू नका हो."