बूस्टरवरचा लाल टॅग

आमच्या घरात मिक्सरसुद्धा हाक दिल्याशिवाय चालू होत नसे. बाबा बटणावर बोट ठेवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हटो!" मग मी जिथं असेन तिथून, न्हाणीतून का होईना, "हट गए" असं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर चटणी बिचारी तशीच भांड्यात पडून राहायची. बाबा पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, आणि ही तिथली रीत होती. मशीन सुरू करायच्या आधी हाक द्यायची, सगळे बाजूला झाले हे कानानं ऐकायचं, मगच बटण. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये ही रीत आमच्यासोबत नांदली आणि रिटायर झाल्यावर कोहक्याला घर बांधलं तेव्हा सामानाबरोबर तीही आली. आई मात्र कधी उत्तर देत नसे. मिक्सरच आहे न, क्रेन तर नाही, कायची रोजची नौटंकी, असं तिचं म्हणणं.

कोहक्याचं घर बाबांनी असं बांधलं की भूकंपानं यावं आणि ओशाळून परत जावं. जिथं एक सळई पुरली असती तिथं दोन. मोबाइलचं नेटवर्कही त्या भिंतींतून आत येईना. वायफायची तार गल्लीत 'येऊन राहिली' होती, नालीचं काम झालं की लगेच, आणि नालीचं काम आमच्याकडे कधी होतं ते देवाला ठाऊक. फोन वाजला की आम्ही गेटकडे पळायचो. शेवटी दुर्गच्या एका दुकानातून मी बूस्टर आणला. गच्चीवर एक अँटेना, बाबांच्या खोलीत एक, मधे वायर आणि एक डबा. डब्यावर हिरवा दिवा लागला तर जमलं, लाल लागला तर गडबड. आमचा लाल लागला.

बाबांना अशा वेळी जो आनंद व्हायचा तो लग्नकार्यातही होत नसे. वायर ओढून पाहिली, जोड सोडून परत कसले, गच्चीवर जाऊन अँटेना चारी दिशांना फिरवला. मग खाली येऊन निदान सांगितलं. वरचा अँटेना ठीक आतल्याच्या डोक्यावर बसला आहे. आतला जे बोलतो ते वरचा ऐकतो, तेच परत खाली पाठवतो, अन हे असंच गोल गोल. "दोघं एकमेकाचंच ऐकून राहिले," ते म्हणाले, "टॉवरचं ऐकाले टाइम कोणाले आहे?" आणि माझ्याकडे अन आईकडे बघून हसले, कारण सकाळीच आमची भाजीवरून जुंपली होती. जेवून झालं की अँटेना हलवतो म्हणाले. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि त्यावर सुतळीनं लाल टॅग बांधला.

हा टॅग कारखान्यातला. पत्र्याचा, कोपरे घासलेले, वर हिंदीत लिहिलेलं की माणूस कामावर आहे, चालू करू नका. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, साहेबानंही हात लावायचा नाही. जुना झाला म्हणून टाकून देत होते तो बाबांनी घरी आणला, आणि गिझर असो की पाण्याची मोटर, दुरुस्तीला बसले की बटणावर तो लटकायचा.

जेवून ते जरा आडवे झाले. उठले तेव्हा लकवा मारला होता. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा फागुन सरत आला होता. ते दिवस मला आठवतात ते झोपेतून अर्धवट जाग यावी तसे. दुपारी खिडकीचा पडदा फुगायचा आणि खाली बसायचा. नीम फुलला होता, त्याचा वास खोलीभर असायचा. वारा फिरला की कारखान्याची घरघर ऐकू यायची, आणि बाबा मान किंचित वळवून ती ऐकत पडायचे. सगळं समजत होतं त्यांना. शब्द तेवढा येत नव्हता. मी बँकेतून आले की त्यांच्या उशाशी बसायची, आणि बसल्या बसल्या डोळा लागला तर त्या अर्ध्या झोपेत ते माझ्याशी बोलायचे, अगदी नेहमीसारखे, मला चिडवत. जाग आली की ते नुसते बघत असायचे. अशा वेळी मला रडू यायचं आणि त्यांच्यावर रागही यायचा, आता काय सांगू.

रायपूरच्या एक मॅडम होत्या, बोलणं परत शिकवणाऱ्या. त्या व्हिडिओवर शिकवायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं होतं की सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका, आता आवाज काढला तर बोलणं येईल, गप्प राहिले तर गप्पच राहण्याची सवय लागेल. नेटवर्क गेटपाशी, म्हणून बाबांची खुर्ची गेटपाशी. गल्लीत ये-जा. ज्या माणसाची मस्करी ऐकायला लोक थांबायचे, त्यानं त्याच लोकांपुढे "आ" करून दाखवायचं होतं. बाबांनी ओठ घट्ट मिटले. मॅडम तिकडून समजावत राहिल्या आणि बाबा सदाफुलीच्या कुंडीकडे बघत राहिले. पुढच्या वेळेस खुर्चीत बसायलाच तयार झाले नाहीत.

मी तणतणत आत आले. बूस्टर चालू झाला असता तर हे सगळं त्यांच्या पलंगाजवळ, दार लावून झालं असतं. मी सरळ बोर्डाजवळ गेले आणि टॅगला हात घातला.

"तो नको काढू," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, बह्याडपणा नको करू, एक पत्रा आहे तो. ज्या बाईनं जन्मभर "हट गए" म्हटलं नाही तिनं आता मला नियम शिकवावे?

"त्यायनं लावला आहे. ते काढतील."

"अन नाही काढू शकले तर?"

ती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. मी मागून गेले, भांडायलाच. संध्याकाळ उतरली होती. कारखान्याकडं भट्टीतला तापलेला मळ ओतला असावा, तिकडचं आभाळ लालसर होऊन हळूहळू विझत होतं. आई बाबांचा सदरा छातीशी धरून तिकडंच बघत होती. ती म्हणाली, "हे नाइट शिफ्टले जायचे न, तवा मी त्या टॅगच्या भरवशावर झोपत होती. आत ह्यायचा हात मशीनमंदी आहे, अन बाहेर एका पत्र्याच्या तुकड्यावर सगळे थांबून आहेत. आता मीच कशी काढू? ते काम सोडून गेले, असं होईल न."

माझं भांडण तिथंच जिरलं. मी तिच्या हातातले अर्धे कपडे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी आतला अँटेना बाबांपुढं धरला आणि विचारलं, वरचा कुठं नेऊ? किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली. डावा हात छातीपासून दूर ढकलला, आणखी दूर, मागच्या बाजूला. मी गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपलीकडे अँटेना बांधून आले. ते समाधानी नव्हते. तळहात आडवा धरून दाखवला, म्हणजे दोन्ही अँटेनांच्या मधे काहीतरी आड हवं. मग स्वयंपाकघराकडे बोट केलं. मी ताट आणलं, नाही. परात आणली, नाही. शेवटी तांदळाच्या कोठीचं भलंमोठं पत्र्याचं झाकण आणलं तेव्हा मान डोलावली. उंदीर तांदूळ खातील म्हणून आई कुरकुरली आणि कोठीवर पाट ठेवून गप्प झाली. झाकण मी अँटेनाच्या मागे, घराकडच्या बाजूनं तारेनं आवळलं.

आता बटण उरलं होतं. मॅडमचा फोन यायच्या आधी आम्ही दोघींनी धरून बाबांना बोर्डाजवळ उभं केलं. सुतळीची गाठ त्यांनीच धडधाकट हातानं बांधलेली, पक्की. डाव्या हाताची बोटं तिच्यावरून घसरत होती. कपाळावर घाम आला. मी मदतीला हात पुढं केला तर आईनं माझं मनगट धरलं. नखानं टोकरत, ओढत, मधे थांबून श्वास घेत त्यांनी ती गाठ सोडवली. टॅग काढून आईच्या हातात दिला.

मग बटणावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

मला वाटलं दमले. "दाबा न बाबा," मी म्हटलं. त्यांनी दाबलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ओठ हलले, गळ्याची शीर ताठ झाली, नुसती हवा बाहेर आली. परत ओठ हलले.

"अ... टो."

फाटका, घोगरा आवाज होता, पण आवाज होता. माझ्या तोंडून उत्तर निघेना. बाबांचं बोट बटणावर थांबलेलं. उत्तर आल्याशिवाय ते दाबणार नव्हते.

आई टॅग हातात घेऊन एक पाऊल मागं सरली, पदर आवरला.

"हट गए," ती म्हणाली.