साडूसाठी वाजलेली सलामी

माझ्या साडूच्या स्वागताला एकदा सबंध वाद्यवृंदाने उभं राहून सलामी वाजवली. त्या वाद्यवृंदात मीही होतो.

दिलीपराव मुलुंडला राहतात. त्यांची गाडी पांढरी आणि लांबलचक, आवाज भारदस्त. आमच्या घरात कशावरूनही विषय निघाला तरी बायको 'दाजींना बघा' इथेच येऊन थांबते. (भेंडीवरूनसुद्धा.) माझ्याकडे मिरवण्यासारखं एकच होतं: चारकोपच्या आमच्या हौशी वाद्यवृंदातला ट्यूबा. पितळेचं हे वाद्य एवढं मोठं, की वाजवणारा त्याच्यामागे जवळजवळ दिसेनासा होतो.

वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे येताच वाजवायची सलामी आमचे बँडमास्तर कांबळे सर यांनी बसवली. आधी ट्रम्पेट, मग ट्रॉम्बोन, मग सगळे, आणि शेवटचा लांब सूर एकट्या ट्यूबाचा.

"मधेच थांबायचं नाही," सरांनी बजावलं. "सलामी तोडणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं."

एकट्याचा सूर म्हटल्यावर मी तडक दिलीपरावांना फोन लावला.

"या ऐकायला. सूट घाला, मोठा कार्यक्रम आहे. गाडी थेट स्टेजपर्यंत आणा, गेटवर सांगून ठेवतो."

"तू काय करणार तिथे?"

"या तर खरं."

प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त संगीतशिक्षक. त्यांना आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. वाद्यवृंदाचे सेक्रेटरी हार घेऊन उभे होते. पांढरी गाडी स्टेजपाशी थांबली, सूट उतरला. सेक्रेटरींनी रुमाल हलवला, सरांनी काठी उचलली आणि ट्रम्पेट कडाडले.

मी ट्यूबातून तोंड काढलं. "सर, हा माझा साडू आहे."

"वाजव."

"अहो, पाहुणे नाहीत ते."

"सलामी सुरू झालीय. वाजव आधी."

माझा सूर आला. महिनाभर तालमीत फाटलेला तो सूर त्या दिवशी अखंड, गोल, खणखणीत लागला. (पोटातली सगळी जळजळ फुंकरीत उतरली असावी.) दिलीपराव छातीवर हात ठेवून तो संपेपर्यंत उभे राहिले. मग हार, शाल, नारळ. मग त्यांनी भाषण केलं. चांगलं केलं. खरे पाहुणे तोवर रिक्षाने येऊन मागच्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही काही बोलला कसे नाहीत?" मी नंतर विचारलं.

"मला वाटलं, तूच ठरवलंयस सगळं. सूट घाला म्हणालास, गाडी स्टेजपर्यंत आणा म्हणालास. मी मेव्हणीला म्हटलंसुद्धा, माणूस मनाचा मोठा आहे."

आता मुलुंडला त्यांच्या घरच्या हॉलमध्ये त्या क्षणाचा फोटो मोठा करून लावलाय. मधोमध दिलीपराव, छातीवर हात. मागे ट्यूबा, आणि ट्यूबाच्या कडेने बाहेर आलेला एक टम्म फुगलेला गाल. कोणी विचारलं तर माझी बायको अभिमानाने पुढे होते.

"तो गाल आमच्या ह्यांचा."