जिन्याच्या खिडकीला बांधलेला मोबाईल

अगं, जरा कान इकडे कर, आणि ‘मावशी, तुला सगळ्यांचाच संशय येतो’ हे आधी बंद कर. एकट्या बाईनं संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या दारासमोर जिन्यात एक माणूस रोज बसायचा. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चपला जोडीनं बाजूला काढलेल्या. मोबाईल रुमालानं खिडकीच्या गजाला बांधलेला, आणि कॅमेरा नेमका माझ्या दाराकडे! कुणी आलं की पाय आखडून गोड हसायचा. ते हसणंच मला खटकायचं. माझं येणंजाणं टिपतोय, असं मी पक्कं धरलं.

शेवटी वॉचमनला म्हटलं, “उठवा याला.” त्या माणसानं गजाचा मोबाईल सोडला, दोन पायऱ्या उतरला, तोच शेजारच्या ऑफिसातून बायका ओरडल्या, “नेट गेलं!” एकजण धावत आली. “दादा, कुठं निघालात? आज काम पाठवलं नाही तर उद्यापासून मिळायचं नाही!”

तो मला म्हणाला, “आजी, मी यांच्याच ऑफिसातला. आत रेंज नाही. यांचे चारही कॉम्प्युटर या एका मोबाईलच्या नेटवर चालतात. सोडून गेलो तर कुणी उचलून नेईल, म्हणून राखत बसतो.”

घ्या! म्हणजे त्यालाही आमचाच संशय!

“बसा बाबा,” मी म्हटलं, “पण कॅमेरा भिंतीकडे करा.” केला त्यानं, हसत.

तरी मी दाराला पडदा लावलाच. कोण भला, कोण बुरा, हे एकटीला ठरवता येत नाही गं. तू ये लवकर, राहा चार दिवस. दार सताड उघडं टाकून गप्पा मारायच्यात मला.